लग्न झालेली माणसं दिलेला शब्द पाळतात का?

प्रश्न असा आला आहे : "माझं लग्न ठरायच्या बेतात आहे. पण आजूबाजूला बघते तर कुणी जोडीदाराला फसवतंय, कुणी नुसतंच एका छपराखाली राहतंय, कुणी मुलांकडे बघून दिवस काढतंय. लग्न माणसाकडून जे मागतं, ते लोक खरोखर पाळतात का? आणि समोरचा माणूस पाळणारा आहे की नाही, हे आधी ओळखता येतं का?"

दुसऱ्या भागाकडे शेवटी येते. पहिल्या भागाचं उत्तर, विवाह समुपदेशक म्हणून कित्येक वर्षं जोडप्यांसमोर बसल्यावर, मी असं देईन : 'मी काय करणार नाही' याची वचनं बहुतेक लोक पाळतात. 'मी काय करत राहीन' याची वचनं बहुतेक लोक अर्धीमुर्धी पाळतात, आणि ती अर्धीमुर्धी पाळली जात आहेत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी थोडीच जोडपी फसवणुकीमुळे आलेली असतात. बाकीच्यांत दोघंही प्रामाणिक असतात. आपण आपली बाजू निभावली, असं दोघांनाही मनापासून वाटत असतं. आणि तरीही त्यातलं एक माणूस पार थकलेलं असतं.

आधी फसवणुकीचं बोलू, कारण तुमच्या मनात पहिली भीती तीच आहे. अमेरिकेत 'जनरल सोशल सर्व्हे' नावाची पाहणी १९७२ पासून चालू आहे. लग्न झालेल्या किंवा पूर्वी झालेल्या पुरुषांपैकी साधारण २० टक्के आणि स्त्रियांपैकी साधारण १३ टक्के जण तिच्यात सांगतात की आयुष्यात कधी ना कधी आपला लग्नाबाहेर शरीरसंबंध आला. हे आकडे कबुलीचे आहेत, त्यामुळे खरे त्याहून थोडे जास्त असतील असंच मी धरते. तरीसुद्धा मोठा हिस्सा निष्ठेने राहणाऱ्यांचाच आहे. तुमच्या कानावर फक्त मोडलेल्यांच्या गोष्टी येतात, कारण कुणी वर्षानुवर्षं नीट राहिलं तर त्याची चर्चा कोण करणार?

फसवणुकीबद्दल मला खरी महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. शर्ली ग्लास आणि टॉमस राइट या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लग्नाबाहेर शरीरसंबंध असलेल्या पुरुषांपैकी ५६ टक्के आणि स्त्रियांपैकी ३४ टक्के जणांनी आपलं लग्न सुखी असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे 'घरात सुख नसेल तरच माणूस बाहेर बघतो' हे गणित बरोबर नाही. घरात सुख असूनही माणसं घसरतात, कारण त्यांनी हद्द कुठे आहे हे ठरवलेलंच नसतं. प्रकरणाची सुरुवात शरीरापासून क्वचितच होते. आपल्या नवऱ्याबद्दलची किंवा बायकोबद्दलची तक्रार आपण तिसऱ्याच कुणाला तरी सांगू लागतो, त्या सांगण्यात बरं वाटू लागतं, आणि मग एक दिवस तो मेसेज पुसून टाकला जातो. त्या पुसण्यापाशी वचन मोडलेलं असतं. पुढचं सगळं नंतर येतं. मी लोकांना एवढंच विचारते : जोडीदार शेजारी बसलेला असता तर हे असंच लिहिलं असतंत का? याचं उत्तर प्रत्येकाला आतून ठाऊक असतं.

पण तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग इथे नाही. तो 'मी काही वावगं केलं नाही' या वाक्यात आहे.

एक जोडपं आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. नवरा खरोखर सज्जन. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही, मिळवलेला पैसा घरात. बायकोला वेगळं व्हायचं होतं आणि त्याला कारणच समजत नव्हतं. मी दोघांना एक साधी गोष्ट विचारली : सध्या तुमच्या जोडीदाराला सगळ्यात जास्त काळजी कसली आहे? तो म्हणाला, मुलीच्या परीक्षेची. ती काही वेळ गप्प बसली. मग तिनं सांगितलं की काही आठवड्यांपूर्वी स्तनातल्या गाठीची तपासणी करायला ती एकटी गेली होती. आदल्या रात्री तिनं त्याला सांगितलं होतं, उद्या तपासणी आहे. तो 'बरं' म्हणाला होता. अहवाल चांगला आला, हे तिनं त्याला सांगितलंच नाही. त्यानं विचारलंही नाही. त्यावर तो म्हणाला, "काही असतं तर तिनं सांगितलं असतं ना." त्यात दुष्टपणा नव्हता. नवरा म्हणून जे जे 'करू नये' ते त्यानं एकदाही केलं नव्हतं. लग्नात शब्द देताना आपण नेमका कशाचा शब्द देतो, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता.

अशी माणसं मी फार बघितली आहेत, पुरुषही आणि स्त्रियाही. त्यांच्या डोक्यात लग्न म्हणजे काही मनाई असलेल्या गोष्टींची यादी असते : मारायचं नाही, लुबाडायचं नाही, बाहेर जायचं नाही, सोडून जायचं नाही. ही यादी सांभाळली की शब्द पाळला. पण नुसतं वाईट न वागणं तर आपण अनोळखी माणसाच्या बाबतीतही करतो. लग्न लक्ष मागतं. आणि लक्ष हे एकदा देऊन संपत नाही.

याचं मोजमापही झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांचं रोजचं साधं बोलणं चित्रित केलं आणि सहा वर्षांनी त्यांचं काय झालं ते पाहिलं. एकानं काहीतरी म्हणावं, 'हे बघ ना', 'आज फार दमलोय', आणि दुसऱ्यानं त्याला प्रतिसाद द्यावा किंवा देऊ नये, असे छोटे छोटे प्रसंग त्यांनी मोजले. ज्यांचं लग्न टिकलं होतं, ती जोडपी सुरुवातीच्या काळात अशा ८६ टक्के प्रसंगांत एकमेकांकडे वळलेली होती. ज्यांचं मोडलं, ती फक्त ३३ टक्के. कुणीही कुणाला फसवण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसानं 'बघ ना' म्हटल्यावर फोनवरून मान वर करायची की नाही, एवढीच. तिला वचन म्हणायला लोक तयार नसतात. मी म्हणते.

गॉटमन यांचं आणखी एक निरीक्षण मी लग्नाआधी येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते : जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, स्वभावातून आणि आवडीनिवडींतून आलेले, कधीच पूर्ण न सुटणारे. सुखी जोडप्यांमध्येही ते असतातच. तेव्हा 'आमच्यात अजून तेच भांडण होतं' याचा अर्थ कुणीतरी शब्द मोडला असा होत नाही. त्या जुन्याच भांडणात तुम्ही एकमेकांचा मान ठेवता का, की आता डोळे फिरवून, टोमणा मारून मोकळे होता, हे बघायचं.

घरातल्या कामांकडे आता येते, कारण सगळ्यात जास्त प्रामाणिक गैरसमज तिथे आहेत. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी ३७ जोडप्यांना विचारलं : या या कामात तुमचा वाटा किती? दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर गेली. भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टीतही माणसं आपलाच वाटा जास्त धरत होती, म्हणजे हे निव्वळ स्वतःची तारीफ करणं नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं. दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं.

माझ्या खोलीत हे रोज घडतं. 'मी सत्तर टक्के करते', 'छे, निम्मं तर मीच करतो', आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून मी वाट्यावरून वाद घालूच देत नाही. कागदावर कामं लिहायला लावते, आणि प्रत्येक कामासमोर एक जास्तीचा रकाना ठेवते : हे करायचं आहे हे लक्षात कुणी ठेवतं? तिथे चित्र पालटतं. बिल भरणारा एक असतो आणि तारीख ध्यानात ठेवणारी दुसरी. मुलाला डॉक्टरकडे नेणारा एक, आणि लस कधी द्यायची हे महिनाभर डोक्यात वागवणारी दुसरी. 'मला सांग, मी करतो' हे वाक्य मदतीचं वाटतं, पण सांगण्याचं ओझं ते जिथल्या तिथे ठेवतं. ज्या जोडप्यांनी तो रकाना मनापासून भरला, त्यांच्यातला निम्मा राग मी त्याच आठवड्यात उतरताना पाहिला आहे.

आता आजारपण. 'सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात' अशा अर्थाची वचनं जगात कितीतरी ठिकाणी लग्नात घेतली जातात. ती पाळली जातात का? २००९ मध्ये 'कॅन्सर' या वैद्यकीय नियतकालिकात मेंदूतली गाठ, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार) झालेल्या ५१५ विवाहित रुग्णांचा अभ्यास आला. एकूण ११.६ टक्के लग्नं मोडली किंवा जोडपी विभक्त झाली. पण रुग्ण पुरुष असेल तर हे प्रमाण २.९ टक्के होतं आणि रुग्ण स्त्री असेल तर २०.८ टक्के. हा फरक वाचून मी अस्वस्थ झाले होते, आजही होते. त्याच अभ्यासात, लग्न जितकं जुनं तितकं ते टिकण्याची शक्यता जास्त, हेही दिसलं.

इथे एक खबरदारी. २०१५ मध्ये याच विषयावर आणखी एक अभ्यास आला आणि 'बायको आजारी पडली की नवरे सोडून जातात' अशी बातमी गाजली. नंतर आकडेमोडीत चूक निघाली. पाहणीतून मध्येच गळालेल्या लोकांना घटस्फोटित धरलं गेलं होतं. लेखिकांनी स्वतः तो लेख मागे घेतला. दुरुस्त आकड्यांत तो निष्कर्ष फक्त हृदयविकारापुरता उरला. ती बातमी अजूनही पुढे पाठवली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते. आणि २००९ चा अभ्याससुद्धा उलट बाजूनं वाचा : इतक्या भयंकर आजारांतही दर पाच आजारी स्त्रियांपैकी जवळपास चौघींचे नवरे त्यांच्यासोबत राहिले. जे गेले त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण शुश्रूषा करायला ज्यांना कुणी कधी शिकवलंच नाही, ज्यांनी घरात ते काम कायम स्त्रियांनाच करताना पाहिलं, ते त्या वेळी गांगरून जातात हे मी पाहिलं आहे. त्यातल्या काहींना वेळेवर कुणी शिकवलं असतं, हात धरून आजाऱ्याच्या खाटेशी नेलं असतं, तर ते राहिले असते असं मला ठामपणे वाटतं.

आणि जे राहतात त्यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नाही. वर्षानुवर्षं जोडीदाराचं करणारी माणसं माझ्याकडे येतात ती अपराधी होऊन. 'काल मी तिच्यावर ओरडलो.' 'हे सगळं संपावं असं माझ्या मनात येतं, मी किती वाईट आहे.' तुम्ही वाईट नाही. अखंड प्रेमळ राहण्याचा शब्द कुणी दिलेला नसतो आणि तो कुणाला देताही येत नाही. दुपारी दोन तास दुसऱ्या कुणाला तरी बसवून बाहेर पडणं, रात्रीसाठी परिचारिका ठेवणं, आपल्या मैत्रिणीला भेटायला जाणं, यानं वचन मोडत नाही. उलट एकट्यानं सगळं ओढणारी माणसंच आधी कोसळतात.

तुम्ही लिहिलं आहे की काही जण 'नुसतंच एका छपराखाली' राहतात. त्यांच्याबद्दल तुमचा सूर थोडा कडक वाटला. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी लग्नातल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आहेत : राहावंसं वाटतं म्हणून राहणं, राहायला हवं असं मन सांगतं म्हणून राहणं, आणि सोडणं परवडणारं नाही म्हणून राहणं. पहिलंच खरं आणि उरलेली दोन खोटी, असं तरुणपणी सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव असा की दीर्घ लग्नात तिन्ही असतात. एखादं वर्ष असं येतं की पहिलं अजिबात सापडत नाही. तेव्हा दुसरं आणि तिसरं माणसाला दारात थांबवून धरतात, आणि पुढे कधीतरी पहिलं परत येतं. शिकागो विद्यापीठातल्या लिंडा वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की, आपलं लग्न दुःखी आहे असं सांगूनही एकत्र राहिलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जण पाच वर्षांनी आपलं लग्न सुखी असल्याचं सांगत होते. यावरून प्रत्येकानं राहावंच असा निष्कर्ष काढू नका. ज्यांना राहणं शक्य होतं तेच राहिले असणार. पण वाईट काळ म्हणजे शेवट असं समजू नका, एवढं त्यातून नक्की घ्या.

उलट तिसऱ्याच प्रकारावर वर्षानुवर्षं चालणारं लग्न मात्र माणसाला झिजवतं. बाहेरून ते टिकलेलं दिसतं, आणि आत दोन माणसं एकमेकांना टाळून जगत असतात. तिथे कायद्यानं काही मोडलेलं नसतं. मी तरी त्याला शब्द पाळणं म्हणणार नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. लपवलेलं कर्ज, न सांगितलेलं खातं, भावाला परस्पर दिलेली रक्कम : यानं बसणारा धक्का अनेकांना शरीरसंबंधाच्या फसवणुकीइतकाच खोल बसतो. रक्कम लहान असली तरी. कारण दुखतं ते लपवणं.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्टपणे. मारहाण, धमक्या, बळजबरी, माणसांपासून आणि पैशापासून तोडणं, हे सहन करत राहणं ही लग्नाची मागणी नाही. ज्यानं हात उचलला त्यानं वचन मोडलं. जो घर सोडून सुरक्षित जागी गेला त्यानं नाही. 'मी शब्द दिलाय, मी कशी जाऊ' असं म्हणत जखमा घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, काही पुरुषही. समोरच्यानं करार पायदळी तुडवल्यावर तो तुम्ही एकट्यांनी पाळायचा नसतो. अशा वेळी जोडीनं समुपदेशनाला येऊ नका. आधी सुरक्षित व्हा, कायदेशीर मदत घ्या, आणि एकट्यानं बोला.

आता तुमचा दुसरा प्रश्न : आधी ओळखता येतं का? पूर्ण नाही. पण लोक समजतात त्यापेक्षा बरंच येतं, फक्त ते भलतीकडे बघतात. प्रेम किती व्यक्त करतो, भेटी काय देतो, काय काय वचनं देतो, यावरून फारसं कळत नाही. गैरसोयीचं झाल्यावर तो माणूस छोट्या शब्दाचं काय करतो ते बघा. येतो म्हणाला आणि अडचण आली, तर आधी कळवतो का, की नंतर सबब सांगतो? तुम्ही 'नाही' म्हटल्यावर त्याचा चेहरा आणि वागणं कसं बदलतं? तुम्ही तापानं पडलात तेव्हा काय केलं? भांडण झाल्यावर पहिलं पाऊल कायम तुम्हीच उचलता का? ज्या माणसाकडून आता काही मिळायचं नाही, उदाहरणार्थ एखादा म्हातारा नातेवाईक किंवा जुना शिक्षक, त्याच्याशी तो कसा वागतो? स्वतःच्या आईवडिलांना कधी 'नाही' म्हणू शकतो का, आणि ते आदरानं म्हणू शकतो का?

मग समोरासमोर बसून विचारा. कर्ज किती आहे, पगाराचं काय करायचं, मुलं हवीत का, दोघांपैकी कुणाची नोकरी दुसऱ्या गावी गेली तर काय, कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळले तर कोण काय करणार, फोन आणि मैत्री यांत हद्द कुठे. उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही. तुम्ही विचारल्यावर तो माणूस विचारात पडतो का, स्वतः काही विचारतो का, की 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणून हसण्यावारी नेतो, त्यावरून जास्त समजतं. हेच सगळे प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारा आणि उत्तरं आधी लिहून ठेवा. आपण काय मागणार आहोत याचा विचार जवळपास प्रत्येकानं केलेला असतो. आपण काय करत राहणार आहोत, याचा फार थोड्यांनी.

हे बोलणं दोघांनी एकदा करून संपवू नका. पंचविशीत ज्याला शब्द दिला तो माणूस पन्नाशीत वेगळा असतो, तुम्हीही असता. मूल झाल्यावर, नोकरी गेल्यावर, आई किंवा वडील गेल्यावर, मुलं घर सोडून गेल्यावर पुन्हा बसावं लागतं : आता तुला माझ्याकडून काय हवं आहे? टिकलेल्या आणि टवटवीत राहिलेल्या लग्नांमध्ये हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला मी ऐकला आहे.

आणि हे सगळं विचारायची तुम्हाला त्या माणसासमोर भीती वाटत असेल, तर लग्नाची तारीख पक्की करू नका. आधी त्या भीतीचं कारण शोधा. लाजेमुळे वाटत असेल तर एखाद्या समुपदेशकासमोर दोघं बसून बोला, दोन-तीन बैठकींत मोकळं होता येतं. पण तो चिडेल म्हणून वाटत असेल, तर तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर तुम्हाला बरंचसं मिळालेलं आहे.